मोठ्यांसाठी पियानोचा हौशी वर्ग: शिकवणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

हौसेखातर पियानो शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग सुरू करायचं मनात असलेल्या, किंवा नुकताच सुरू करून दोन-तीन आठवड्यांतच घामाघूम झालेल्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. परीक्षांची तयारी आणि लहान मुलांचे वर्ग यांच्याबद्दल इथे काही नाही.

हौशी वर्ग म्हणजे नेहमीचीच शिकवणी, फक्त चारचौघांत?

दिसायला तसं वाटतं, पण हेतू निराळा आहे. इथे परीक्षा नाही, श्रेणी नाही, कुणाला मंचावर ढकलायचं नाही. आलेल्या माणसाने तासाभरात काहीतरी वाजवावं, ते त्याच्या स्वतःच्या कानाला बरं वाटावं आणि पुढच्या आठवड्यात त्याने परत यावं, एवढंच साधायचं असतं. हे एकदा मनाशी पक्कं केलं की गाणी कुठली घ्यायची, वेग किती ठेवायचा, कुठली चूक सुधारायची आणि कुठली सोडून द्यायची, हे प्रश्न बरेचसे मार्गी लागतात. उलट मनातल्या मनात आपण परीक्षेचाच अभ्यासक्रम हळूहळू शिकवत असलो, तर वर्गाला ते दुसऱ्याच आठवड्यात कळतं.

चारचौघांत पियानो शिकवण्याची कल्पना मात्र अजिबात नवी नाही. डब्लिनमध्ये शिकवणाऱ्या योहान बर्नहार्ड लोजिए यांनी १८१४ साली 'कायरोप्लास्ट' नावाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. हात आणि बोटं जागेवर ठेवणारी ही चौकट लावून ते अनेक विद्यार्थ्यांना अनेक पियानोंवर एकाच वेळी शिकवत. चौकट काळाच्या ओघात गेली, ते फार बरं झालं. एकत्र वाजवणं मात्र टिकलं, आणि १९५०च्या दशकात हेडफोन लावता येणारे इलेक्ट्रॉनिक पियानो आल्यावर ते सोपंही झालं.

एका वर्गात किती जण घ्यावेत?

एकटे शिकवत असाल तर सहा ते आठ. चारपेक्षा कमी असले की प्रत्येकाची चूक स्पष्ट ऐकू येते आणि मोठी माणसं त्यानेच बुजतात. दहाच्या वर गेलात की मागच्या रांगेतल्या माणसाची बोटं तुम्हाला महिनाभर दिसतच नाहीत. दोघेजण गैरहजर राहणार हे धरूनच आकडा ठरवा.

मी स्वतः किती चांगलं वाजवायला हवं?

मैफल करता आली नाही तरी चालेल, पण तीन गोष्टी हव्यातच. समोर आलेल्या सोप्या चालीला तिथल्या तिथे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, लावता आले पाहिजेत. ती चाल दुसऱ्या स्केलमध्ये नेता आली पाहिजे. आणि वर्ग कुठेही अडखळला तरी ठेका न सोडता वाजवत राहता आलं पाहिजे. उत्तम एकल वादक या तिसऱ्या गोष्टीत कधीकधी कमी पडतात, कारण समोरचा चुकला की तेही थांबतात.

वाद्यं कोणती लागतील?

प्रत्येकाला स्वतंत्र वाद्य हवं, एवढं नक्की. एका वाद्यावर दोघांना बसवलं की एक जण वाजवतो आणि दुसरा कौतुकाने बघत राहतो. ८८ पट्ट्यांचे, वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो मिळाले तर उत्तम. नाहीतर सुरुवातीला ६१ पट्ट्यांचे कीबोर्डही चालतात, फक्त दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होणारे घ्या. ते नसलं तर पियानोची खरी गंमत, म्हणजे हळू आणि जोरात वाजवणं, शिकवताच येत नाही.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही, पण पट्टी दाबल्यावर सूर मागाहून आला की वाजवणाऱ्याची लय हमखास ढासळते, आणि बिचारा समजतो की आपल्यालाच ताल नाही. काही वाद्यांना साडेतीन मिलिमीटरची पिन लागते, काहींना ६.३ मिलिमीटरची. तेव्हा मूठभर अडॅप्टर कायम जवळ असू द्या. एका मल्टिप्लगवर सगळ्या वाद्यांचे विजेचे अडॅप्टर मावत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळतं.

स्टँडकडे दुर्लक्ष करू नका. कैचीसारख्या स्टँडला उंच माणसाचे गुडघे अडकतात आणि स्वस्तातला असेल तर जरा जोरात वाजवलं की अख्खा कीबोर्ड डोलतो. बसायला उंची बदलता येणारा बाक हवा. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. बाक नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी टाका.

पहिल्या तासाला काय शिकवायचं?

पहिल्या दहा मिनिटांत आवाज निघाला पाहिजे. पियानोचा इतिहास, सूर ज्यांवर लिहितात त्या स्टाफच्या पाच रेषा, हाताची आदर्श ठेवण, हे सगळं नंतर.

मी काळ्या पट्ट्यांपासून सुरू करतो. दोनची जोडी, तीनचा गट, पुन्हा दोनची जोडी, हे सगळ्यांना चटकन दिसतं आणि कीबोर्डवर कुठे काय आहे याचा नकाशा डोक्यात बसतो. मग सांगायचं की फक्त काळ्या पट्ट्यांवर हवं ते वाजवा, चूक होऊच शकत नाही. खालच्या सप्तकात मी एक संथ साथ धरतो. त्या पाच सुरांत एकमेकांना टोचणारे सूर नाहीत, त्यामुळे आठ माणसांनी आठ वेगळ्या गोष्टी वाजवल्या तरी ते संगीतच वाटतं. ज्यांना रागांची ओळख आहे त्यांचे कान लगेच टवकारतात: काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी पट्टी) सा धरला तर हे भूपाचे सूर, आणि त्याच पट्ट्यांवर काळी पाच सा धरला तर मालकंसाचे. पट्ट्या त्याच, नुसती साथ बदलली की रंग बदलतो. हे एकदा ऐकवाच. सिद्धांत म्हणून समजावायला लागणारा अर्धा तास वाचतो.

त्यानंतर पांढऱ्या पट्ट्यांवर या. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडे सी. सगळ्यांनी आपापल्या वाद्यावरचे सगळे सी शोधायचे. मग बोटांचे आकडे: अंगठा एक, करंगळी पाच, दोन्ही हातांना तेच. उजवा अंगठा सीवर ठेवून सी, डी, ई, एफ, जी. डाव्या हाताने हेच सूर पाच-चार-तीन-दोन-एक असे वाजतात, आणि इथे अर्धा वर्ग गोंधळतो. गोंधळू द्या, हसा आणि पुढे चला.

तास संपायच्या आत पाच सुरांतली एक ओळखीची चाल झाली पाहिजे. घरी गेल्यावर 'काय शिकलात?' असं कुणीतरी विचारणारच. त्याला वाजवून दाखवण्याजोगं काहीतरी हवं.

नोटेशन शिकवायचं की नाही?

शिकवायचं, पण वाजवण्याच्या मागून. हातात आधी बसलेली चाल कागदावर कशी दिसते हे दाखवलं की मोठ्या माणसांना ते कोडं सुटल्यासारखं वाटतं. कागद आधी आणि हात मागून आला, की प्रत्येक सुराला 'ही कितवी रेघ?' सुरू होतं. चाल मोडते, आनंद जातो.

स्वरांखाली इंग्रजी अक्षरं लिहून द्यावीत का, यावर शिक्षकांमध्ये कडाक्याचे वाद होतात. माझं मत: पहिल्या सत्रात खुशाल द्या, फक्त प्रत्येक सुराखाली देऊ नका. ओळीतला पहिला सूर आणि जिथे मोठी उडी आहे तो सूर, एवढे पुरेत. बाकीचे वर-खाली, शेजारचा-सोडून एक, असे आकारावरून वाचायचे. सगळीकडे अक्षरं असली की डोळा फक्त अक्षरंच वाचतो आणि रेषांकडे कधी जातच नाही.

ज्यांना नोटेशन नकोच असेल त्यांच्यासाठी कॉर्डची चिन्हं आहेत. डाव्या हाताला सी, एफ आणि जी-सेव्हन हे तीन कॉर्ड असे द्या की हात जागचा हलत नाही: सी-ई-जी, मग सी-एफ-ए, मग बी-एफ-जी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना करंगळी सीवरच राहते आणि अंगठा एक पट्टी वर सरकतो. तिसऱ्यासाठी करंगळी एक पट्टी खाली येते. एवढ्यावर कितीतरी साध्या चालींची साथ होते.

वर्गात गाणं शिकलेले किंवा पेटी वाजवणारे लोक असतात. त्यांचं काय करायचं?

त्यांचा फायदा करून घ्या. सीवर, म्हणजे पांढरी एकवर, सा धरला की सी ते जी म्हणजे सा ते प, सगळे शुद्ध. हे सांगितलं की ते पाच मिनिटांत चालू लागतात. गडबड पुढे होते. सा कुठेही धरता येतो, सी मात्र कायम त्याच पट्टीवर असतो. सुरुवातीला दोन्ही नावं मिसळली तरी चालतं, पण स्केल बदलायची वेळ आली की हा फरक नीट समजावून सांगा. 'काळी दोन सा धरून तेच गाणं' असं म्हटलं तर त्यांना स्केल बदलणं म्हणजे काय हे बाकीच्यांच्या आधी कळेल.

पेटीवाल्यांच्या दोन सवयी दिसतात. डावा हात भात्यावर असायचा, त्यामुळे तो रिकामा आणि अनोळखी असतो. दुसरं, पेटीवर पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात, आवाज भात्यावर ठरतो. पियानोवर तो बोटाच्या वेगावर ठरतो. शिवाय पियानोचा सूर वाजताक्षणी विरायला लागतो, तो धरून ठेवता येत नाही. त्यांच्याकडून एकच सूर पाच वेळा वाजवून घ्या, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. चेहऱ्यावर काय उमटतं ते बघा.

एक जण भराभर पुढे जातो, दुसरा अजून पहिल्या ओळीवरच आहे. दोघांना एकत्र कसं सांभाळायचं?

वर्ग फुटतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यांनी तेच वाजवायचं हा हट्ट सोडा. एकच गाणं चार थरांत लिहा आणि ज्याला जो झेपेल तो द्या. बेथोव्हेनच्या १८२४ साली पहिल्यांदा सादर झालेल्या नवव्या सिंफनीतली, 'ओड टू जॉय' म्हणून सगळ्यांच्या कानावरून गेलेली चाल घ्या. ती सी स्केलमध्ये आणली की जवळजवळ पूर्ण चाल उजव्या हाताच्या पाच बोटांखाली बसते: ई ई एफ जी, जी एफ ई डी, सी सी डी ई, ई डी डी. हा पहिला थर.

दुसरा थर फक्त मूळ सुरांचा, म्हणजे ज्यांवर कॉर्ड उभे राहतात त्या सुरांचा. डाव्या हाताने चार मात्रांना एक सूर, पहिल्या ओळीत सी, जी, सी, जी. कालच नाव नोंदवलेल्या माणसालाही हे जमतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना सांभाळून नेणारा तोच असतो. तिसरा थर कॉर्डचा, प्रत्येक मात्रेवर. चौथा थर पुढे गेलेल्यांसाठी: तीच चाल दोन्ही हातांनी, किंवा वरच्या सप्तकात थोडे जास्तीचे सूर घालून.

या चालीत एक गमतीची जागा आहे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक खालचा जी येतो, जो पाच बोटांच्या बाहेर पडतो. हात सरकवायला शिकवत बसू नका, तो एकच सूर डाव्या हाताने घ्यायला सांगा. सगळ्या वर्गाचे डावे हात एकदम त्या एका सुरावर पडतात तेव्हा हमखास हशा होतो, आणि दोन हात एकत्र वापरायची पहिली पायरी कुणाच्या नकळत पार पडलेली असते.

थर दर वेळी फिरवा. चाल वाजवणाऱ्याने पुढच्या फेरीत मूळ सूर धरायचे. नाहीतर महिन्याभरात 'हुशार' आणि 'मागे पडलेले' अशी बाकांची वाटणी होते, आणि मागे पडलेले येणं बंद करतात. भराभर पुढे जाणाऱ्यालाही याचा फायदा होतो. एकेक सूर संथ लयीत अचूक जागेवर टाकणं त्याला वाटतं तितकं सोपं नसतं.

आणखी एक जुनी युक्ती. आंतोन दियाबेल्ली या जुन्या संगीतकाराच्या ऑपस १४९ मधल्या चार हातांच्या छोट्या रचनांत वरचा भाग पाच सुरांच्या टप्प्यात बेतलेला आहे, खालचा भाग शिक्षकाने वाजवायचा. वर्गात वरचा भाग सगळ्यांनी मिळून वाजवला की नवशिक्यांच्या हातून खऱ्या मैफलीसारखा आवाज निघतो. वाचनाची थोडी सवय झाल्यावर हे काढा.

चूक झाली की थांबवायचं का?

एकत्र वाजवताना नाही. पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवा: सूर हुकला तर सोडून द्यायचा आणि पुढच्या समेला येऊन मिळायचं. मोठ्या माणसांना चूक दिसली की मागे जाऊन ती पुसायची सवय असते. ती मोडायला वेळ लागतो, पण मोडली की माणूस खुलतो.

दुरुस्तीची वेळ वेगळी ठेवा. तासाच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी हेडफोन लावून आपापलं वाजवायचं आणि तुम्ही फिरत राहायचं. एकेकाजवळ एक-दोन मिनिटं, एकच सूचना, हळू आवाजात. खांदे वर चढलेत, अंगठा पट्टीच्या बाहेर लोंबतोय, तिसऱ्या बोटाऐवजी दुसरं येतंय, एवढंच. कुणाजवळ पाच मिनिटं रेंगाळलात की बाकीच्यांना वाटतं त्याचं काहीतरी भलतंच बिघडलंय.

मेट्रोनोम वापरावा का?

क्वचित. नवशिक्याला त्याची टिकटिक ऐकू येते पण तिच्याशी जुळवून घेता येत नाही, आणि मग तो यंत्रावर चिडतो. डिजिटल पियानोतले तयार ठेके जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर झुलता येतं. त्याहून चांगलं म्हणजे वाजवण्याआधी तोंडाने मात्रा मोजायच्या आणि टाळी द्यायची.

'मला तालच नाही' असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

वाद घालू नका. त्याला मूळ सुरांचा थर द्या आणि शेजारी चांगली लय असलेलं कुणीतरी बसवा.

लोक घरी सराव करत नाहीत. तास पुढे कसा सरकणार?

करणार नाहीत, हे धरूनच तास आखा. नोकरी, घर, आजारपण, पाहुणे यांतून त्यांनी तुमच्यासाठी आठवड्याचा एक तास काढलाय. तोच त्यांचा सराव. 'घरी वाजवलंत का?' हा प्रश्न तासाच्या सुरुवातीला विचारलात की वर्गाचा निम्मा उत्साह तिथेच मावळतो. न वाजवलेला माणूस तो प्रश्न टाळण्यासाठी पुढच्या वेळी सरळ दांडी मारतो.

म्हणून प्रत्येक तासाची सुरुवात गेल्या वेळचं गाणं सगळ्यांनी संथ लयीत वाजवून करा, जणू पहिल्यांदाच. ज्यांनी घरी वाजवलंय त्यांना वरचा थर द्या. नवी गोष्ट तासाला एकच. गृहपाठ द्यायचाच असेल तर पाच मिनिटांत होईल इतकाच द्या: 'सी ते एफ आणि परत, डाव्या हाताने, दहा वेळा.' घरी वाद्य नसलेले लोकही असतात. त्यांना टेबलावर बोटं वाजवून ठेका बसवायला सांगता येतो.

दोन्ही हात एकत्र कधी आणायचे?

शिक्षकाला वाटतं त्याच्या बऱ्याच नंतर, पण पूर्णपणे टाळूही नका. आधी हात आलटून पालटून, मग डाव्या हाताचा एक लांब सूर आणि त्यावर उजव्याची चाल, मग डाव्याचे दोन सूर. दोन्ही हातांनी वेगवेगळ्या लयीत वाजवणं पहिल्या सत्रात काढूच नका. वर्गात डावं-उजवं दोघांत वाटून घेण्याची सोय असते, ती एकट्याच्या शिकवणीत मिळत नाही. तिचा भरपूर वापर करा.

गाणी कुणी निवडायची?

दोन तुम्ही, एक त्यांनी. लोकांच्या यादीत बहुतेक वेळा अशी गाणी असतात ज्यांची चाल सोपी वाटते पण मुरक्यांनी भरलेली असते. कंठाने घेतलेल्या मींड-मुरक्या पियानोवर येत नाहीत, कारण दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिथे नाहीच. अशा वेळी गाण्याला नकार देऊ नका. चालीचा सांगाडा काढून द्या, साथीला कॉर्ड लावा, आणि ज्याला गाता येतं त्याला गाऊ द्या. बाकीच्यांनी साथ करायची. ते गाणं पियानोवर जसंच्या तसं काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं लागतं.

बाजारातल्या पुस्तकाच्या प्रती काढून वाटणं मात्र टाळा. प्रत्येकाला पुस्तक घ्यायला सांगा, किंवा हक्क संपलेल्या जुन्या रचनांवर स्वतः मांडणी करा. बेथोव्हेन १८२७ साली गेला, दियाबेल्ली १८५८ साली. त्यांच्या मूळ रचनांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. आजच्या संपादकाने केलेली नवी मांडणी मात्र त्याची असते.

शेवटी कार्यक्रम ठेवावा का?

सक्तीचा नको. सत्राच्या शेवटच्या तासाला घरच्यांना बोलवा, सगळ्यांनी मिळून दोन-तीन गाणी वाजवा आणि पाहुण्यांनाही एखाद्या वाद्यावर मूळ सूर धरायला लावा. एकट्याने वाजवायची कुणाला इच्छा असेल तर त्याने वाजवावं, पण यादी फिरवून नावं मागू नका. यादी फिरली की सगळ्यांना वाटतं, आपलं नाव अपेक्षित आहे.

कागद नीट दिसत नाही अशी तक्रार असते. काय करावं?

चाळिशीनंतर हा प्रश्न येतोच. पियानोवरचा कागद डोळ्यांपासून साधारण हातभर लांब असतो. वाचायचा चष्मा त्याहून जवळच्या अंतरासाठी असतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेला माणूस काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतो, आणि तासाभरात त्याची मान धरते. ताल चुकण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

ए-फोर कागदावरचं नोटेशन ए-थ्रीवर मोठं करून द्या. झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के सांगितलं की नेमकं बसतं. पान पांढरंशुभ्र चकचकीत नको, दिव्याची तिरीप मारते. ज्यांना नेमाने वाजवायचंय त्यांनी चष्म्याच्या दुकानात वाद्यापर्यंतचं अंतर मोजून सांगावं. त्या अंतराचा वेगळा चष्मा बनवून मिळतो.

बोटं दुखत असतील तर वाजवणं थांबवायचं, पुढे रेटायचं नाही. सांध्यांचा त्रास असलेल्यांना मोठे ताणलेले कॉर्ड देऊ नका, तीनऐवजी दोन सूर पुरतात. लांब नखांवर भाषण नको. पट्टीवर टकटक ऐकू आली की लोक आपणहून कापून येतात.

पियानोने ताण कमी होतो असं जाहिरातीत लिहू का?

जपून. हौशी संगीत आणि ताण यांवर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत 'रिक्रिएशनल म्युझिक मेकिंग' या नावाने ही चळवळ वाढली, आणि २००५ साली 'मेडिकल सायन्स मॉनिटर' या नियतकालिकात बॅरी बिटमन आणि सहकाऱ्यांनी ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पण त्याच्या शीर्षकातच 'प्राथमिक' हा शब्द आहे. तेवढ्यावरून उपचाराचा दावा करणं बरं नव्हे. 'आठवड्यातला एक तास मजेत जाईल' असं लिहा. हे वचन तुम्हाला पाळता येईल.

एखादा विद्यार्थी सगळ्यांना शिकवायला लागतो. कसं आवरायचं?

प्रत्येक वर्गात एक असतोच. बहुतेक वेळा लहानपणी दोन वर्षं शिकलेला आणि मनाने चांगला. त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. चौथा थर द्या, हेडफोनच्या वेळेला त्याला पुरेल असं काहीतरी अवघड द्या, आणि त्याच्या शेजारी असा माणूस बसवा ज्याला मदत नको असते. एवढं करूनही थांबला नाही तर तासानंतर एकट्याला गाठून सांगा की बाकीच्यांना स्वतः शोधायला वेळ लागतो, तो देऊया.

एक-दोन तास चुकलेल्यांना कसं सामावून घ्यायचं?

मूळ सुरांचा थर, आणि शेजारच्याकडून पाच मिनिटं. वेगळा भरपाईचा तास देऊ नका. एकदा दिलात की तुमचा रविवार गेलाच म्हणून समजा.

हा वर्ग ऑनलाइन घेता येईल का?

शिकवणं होतं, एकत्र वाजवणं होत नाही. व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो, त्यामुळे सगळ्यांनी एकदम वाजवलं की चिखल होतो. बाकीच्यांनी आपले माइक बंद ठेवून तुमच्या साथीवर घरी वाजवायचं, एवढाच मार्ग. यात नेमकं एकमेकांचं ऐकणं गळतं, आणि हौशी वर्गाची निम्मी मजा त्यातच असते. पाऊस, संप, आजारपण अशा वेळेपुरतं ठीक.

फी महिन्याची घ्यावी की सत्राची?

सत्राची, आठ-दहा आठवड्यांची एकदम. महिन्याची ठेवली की दर महिन्याला माणूस नव्याने ठरवतो की यायचं की नाही.

सत्र संपल्यावर पुढे काय?

काही जण तिथेच थांबतील. त्यांना वाजवून बघायचं होतं, ते झालं. उरलेल्यांसाठी लगेच 'दुसरी पायरी' काढू नका. त्याच पातळीवर नवी गाणी घेऊन आणखी एक सत्र करा. मोठ्या माणसांना तीन कॉर्डवर मुरायला बराच वेळ हवा असतो, आणि त्यात त्यांना कंटाळाही येत नाही. दोन सत्रांनंतर पेडल, जी स्केल, आणि डाव्या हाताने कॉर्ड मोडून वाजवणं. ज्याला खरोखर खोलात जायचंय तो स्वतःच एकट्याच्या शिकवणीबद्दल विचारेल. त्याला वर्ग सोडायला लावू नका, दोन्ही चालू ठेवता येतं.

तास संपला तरी लोक गप्पा मारत रेंगाळतात. पुढची बॅच दारात उभी असते.

दोन बॅचमध्ये वीस-पंचवीस मिनिटं मोकळी ठेवा आणि ती वेळापत्रकात धरा. नाहीतर पहिल्या बॅचला आपल्याला हाकललं असं वाटतं आणि दुसरी उशिरा सुरू होते. त्या वेळात एखादं वाद्य चालू राहू द्या. तासाला ज्यांचं तोंड उघडत नाही ते लोक अशा वेळी हमखास येऊन 'ते मघाचं परत एकदा दाखवता का?' असं विचारतात.